हायवेचे टायर

गिऱ्हाईक दुकानात आलं की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्या टायरकडे बघतो. तोंड वेळ पडेल तसं बदलता येतं, टायरला ती सोय नाही. मागच्या टायरचा मधला पट्टा सपाट झाला असेल तर माणूस सरळ रस्त्याने आणि घाईत फिरणारा. एकच बाजू झिजली असेल तर गाडी कुठेतरी आपटलीय आणि तो ते बायकोपासून लपवतोय. हवा न बघता महिनोन्महिने हिंडणारा तर मला दुरूनच कळतो. अशा माणसाच्या शब्दावर मी साधा व्हॉल्व्हसुद्धा बदलत नाही.

एकतीस वर्षं हेच चाललंय. नवाकोरा टायर आला तरी मी आधी खिळ्यावरचं भिंग काढतो आणि बाजूवर उमटवलेले चार आकडे वाचतो. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कंपनीने पाठवलाय म्हणून डोळे मिटून घेणारा मी नव्हे. त्यामुळे बाजारात मला भिंगवाले म्हणतात. हे तोंडावर म्हणतात, पाठीमागे काय म्हणत असतील त्याचा मला अंदाज आहे.

आमची ही म्हणते, "तुम्ही स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागाल." म्हणू दे. दोन चाकांवर माणसाचा जीव असतो आणि ती चाकं मी बसवलेली असतात.

माझ्यावर मात्र कधीच शंका घेतली नाही असं एक माणूस होतं, ते म्हणजे माझी मुलगी. लहानपणी दिवसभर बेअरिंगच्या गोळ्या घेऊन खेळायची म्हणून तिचं नाव गोटी पडलं, ते लग्न झालं तरी सुटलं नाही. पाच-सहा वर्षांची असताना ती दुकानातल्या टायरच्या चळतीवर चढायची, डोळे घट्ट मिटायची आणि "बाबा, झेला!" म्हणून उडी टाकायची. मी समोर आहे का, माझे हात रिकामे आहेत का, काही बघायची नाही. एकदा तर माझ्या हातात जॅक होता. तो मी कुठे फेकला आणि तिला कसं धरलं, मला आजही सांगता येणार नाही. ती मात्र हसत होती. तिच्या लेखी मी झेलणारच होतो.

तर त्या गुरुवारी सकाळी जावई दुकानात आले.

जावई दात बनवतात. ते डॉक्टर नव्हेत. डॉक्टर साचा पाठवतात आणि हे प्रयोगशाळेत बसून त्याबरहुकूम कवळ्या घडवतात. प्रयोगशाळा शेजारच्या शहरात, हायवेने चाळीस किलोमीटरवर. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, आणि मुका म्हणावा इतका अबोल. दिवसभर लोकांचे जबडे हाताळणाऱ्याने स्वतःचा एवढा मिटून ठेवावा, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. त्यात गेल्या वर्षी त्यांनी सेकंडहँड अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल घेतली. उंच, तारांच्या चाकांची, दोन्ही बाजूंना पेट्या, डोंगर चढायला निघालेल्या माणसाने घ्यावी तशी. "कवळ्या बनवायला डोंगर चढावा लागतो का?" असं मी तेव्हाच हिला विचारलं होतं. हिने लगेच विषय बदलला होता.

"बाबा, टायर बदलायचेत. दोन्ही," जावई म्हणाले.

"बदलू की. गाडी कुठे चालते?"

"हायवेला. रोजचं जाणं-येणं."

"एवढंच?"

"एवढंच." आणि त्यांनी भिंतीवर टांगलेल्या जोडीकडे बोट केलं. "ते बटणवाले बसवा."

आता इथे थोडं सांगायला हवं. अशा गाड्यांचे टायर दोन्हीकडे चालणारे असतात, पण दोन्हीकडे सारखे नाही. काहींची नक्षी जवळजवळ रस्त्याच्या टायरसारखी असते, उथळ आणि भरीव. डांबरावर ते शांत, ओल्या रस्त्यावरही धरून राहतात, टिकतातही भरपूर. चिखलात मात्र त्यांच्या खाचा पाच मिनिटांत बुजतात आणि मग गाडी स्वतःच्या मर्जीने जाते. दुसरे बटणांचे. मोठाले रबरी ठोकळे, मध्ये ऐसपैस जागा. खडी, माती, चिखल सगळं झेलतात, पण हायवेवर घुरघुरतात आणि लवकर झिजतात. अर्धा प्रवास कच्च्या रस्त्यावर असेल तरच ते घ्यावेत. रोज ऐंशी किलोमीटर डांबर तुडवणाऱ्याने बटणं मागितली की माझ्या डोक्यात घंटा वाजते.

"बरं," मी म्हटलं. "वर जाऊन चहा घ्या, सासूबाई आहेत. तोवर चाकं काढतो."

ते मागच्या जिन्याने वर गेले. आमचं घर दुकानाच्या डोक्यावरच आहे. मी गाडी स्टँडला लावली, चाकं काढली, उजेडात नेली आणि भिंग घेतलं.

मधला पट्टा शाबूत. चाळीस जाणं, चाळीस येणं, वर्षभर डांबरावर, आणि मधला पट्टा शाबूत! उलट कडा कुरतडलेल्या, मागच्या टायरला टोकदार दगडांचे काप, खाचांमध्ये पांढरी चिकट माती वाळून बसलेली. ही माती आमच्या भागात एकाच बाजूला आहे, डोंगरापलीकडे, बंद पडलेल्या खाणींच्या पुढे. तिथे चार वस्त्या सोडल्या तर कुत्रंही फिरकत नाही. कवळी लावणारं तर कोणीच नाही.

मी आणखी बघत गेलो. मागच्या शॉकची स्प्रिंग तीन खाचा सैल केलेली होती. हलका माणूस बसणार असेल तर करतात तशी. जावई हलके राहिलेले नाहीत, त्यांचं पोट आता शर्टाच्या आधी दुकानात येतं. म्हणजे गाडी दुसरंच कुणी चालवतंय. आणि चालवणारं पक्कं होतं, हे कबूल करायला हवं. उतारावर ब्रेकने मागचं चाक धरून ठेवून फरफटवल्याची एक खूण नाही. खडीत घाबरून गरागरा फिरवल्याची नाही. दगड टाळता येत नाही तिथे तो सरळ घेतलेला. एवढं जपून आणि एवढं बेधडक चालवलेला टायर मी वर्षभरात पाहिला नव्हता. मला कौतुक वाटलं आणि त्याचा जास्तच राग आला.

मग मी डावी पेटी उघडली. उघडायचं कारण नव्हतं. आत तळाशी एक हातमोजा होता, उजव्या हाताचा, बाईच्या मापाचा. त्याच्या पहिल्या बोटाचं टोक कात्रीने कापलेलं.

गोटीचा असेल, असं कुणी म्हणेल. मला ते सुचणं शक्यच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना तिने दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकाची मोटरसायकल न विचारता काढली होती आणि पुढच्या वळणावर पडली होती. खांद्याचं हाड मोडलं. तिला दवाखान्यातून आणल्यावर मी एवढंच बोललो होतो, "तुझा पिंड नाही हा. पुन्हा हँडलला हात लावलास तर या दुकानाची पायरी चढू नकोस." भीतीने बोललो होतो, पण बोललो होतो. तेव्हापासून तिने गाडीचं नाव काढलं नाही. पाण्याच्या खात्यात नकाशे काढायची नोकरी धरली, टेबलावरची, पंख्याखालची. दुकानातही ती त्यानंतर आली नाही. दर रविवारी माहेरी येते ती मागच्या जिन्याने वर जाते आणि तशीच परत. मला वाटायचं, राग धरून बसलीय. माझीच मुलगी, बसायचीच.

म्हणजे बाई दुसरी होती. आणि माझी गोटी, डोळे मिटून उडी टाकणारी, तिला यातलं काहीच माहीत नसणार. हातमोजा मी माझ्या खणात टाकला आणि कुलूप लावलं.

जावई खाली आले. मी त्यांना आणखी एक संधी दिली, हे मी स्वतःला नंतर बऱ्याचदा सांगून पाहिलं.

"जावईबापू, कच्च्या रस्त्याला जाणं होतं का कधी?"

त्यांनी रुमालाने मान पुसली. "तसं नाही. क्वचित."

"क्वचित म्हणजे? महिन्यातून एकदा? दोनदा?"

"नाही, म्हणजे... हायवेच. पण बटणवाले असलेले बरे."

"कशाला बरे?"

त्यांचे कान लाल झाले. मला एवढं पुरे होतं.

"हायवेला बटणं कशाला? फुकट झिजतील," मी म्हणालो आणि मांडणीवरून रस्त्याची जोडी काढली. "हे घ्या. हायवेसाठी यांच्यासारखे दुसरे नाहीत."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हे चालतील ना? कुठेही?"

"तुम्ही सांगताय तिथे चालतील," मी म्हणालो.

आणि मी ते बसवले. चांगले टायर होते, ताजे होते, फिरायच्या दिशेचा बाण बघून, हवा मापून बसवले. कामात खोट नव्हती. पण गाडी कुठल्या रस्त्याला जाते ते मला माहीत होतं आणि त्या रस्त्यावर हे टायर काय करतील तेही माहीत होतं. घसरू दे एकदा, मी मनात म्हटलं. फुटू देत गुडघे. मग बघू खोटं कुठे लपतं ते.

रविवारी दोघं जेवायला आली. मी जावयांवर नजर ठेवून होतो. ते ताटात बघून जेवत होते. गोटी नेहमीसारखी बोलत नव्हती. तिने भांडं उचलायला हात पुढे केला तेव्हा तिची बाही वर सरकली आणि कोपरापासून खाली हात काळानिळा दिसला. माझं लक्ष गेलेलं बघून तिने बाही ओढली.

"काय झालं गं?"

"ऑफिसच्या जिन्यात पडले."

"कधी?"

"शुक्रवारी. काही नाही बाबा, लागलं नाहीये फार."

मी जावयांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. आधी दुसरी बाई आणि आता हे! मी हिला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं तर ही म्हणाली, "काहीतरीच काय! तो मुंगीला वाट करून देतो."

"तू त्याचे टायर पाहिले नाहीस," मी म्हणालो.

"आणि तुम्ही टायरशिवाय काही पाहिलं नाहीत," ही म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

सोमवार कसाबसा काढला. रात्रभर पाऊस झाला. मंगळवारी सकाळी मी दुकानाला कुलूप घातलं, हातमोजा खिशात टाकला आणि शेजारच्या शहराची बस धरली. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. प्रयोगशाळेच्या आवारात गाड्या लावायला पत्र्याची शेड आहे. मी एकेक गाडी बघितली, मग पुन्हा एकदा बघितली. ती उंच गाडी नव्हतीच. सापडला, मी म्हटलं. आता आत जाऊन विचारायचं, कधीपासून कामावर येत नाही, आणि साहेबाच्या तोंडून ऐकायचं.

आत गेलो तर जावई समोर बसलेले.

डोळ्यांवर जाड चष्मा, पुढ्यात गोल फिरणारा ब्रश, हातात कुणाचा तरी वरचा जबडा. सगळीकडे प्लास्टरचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. फळीवर ओळीने साचे मांडलेले, प्रत्येकाला नंबर. इतके जबडे उघडे बघून मला क्षणभर काही सुचेना. त्यांनी ब्रश बंद केला आणि ते घाबरून उभे राहिले.

"बाबा? घरी सगळं ठीक आहे ना?"

"गाडी कुठे आहे?"

त्यांनी हातातला जबडा खाली ठेवला.

"मी विचारतोय, गाडी कुठे आहे? तुम्ही इथे, गाडी नाही. कोण नेतं ती गाडी खाणीकडे?" असं म्हणून मी हातमोजा काढला आणि त्यांच्या टेबलावर, त्या दातांच्या मधोमध, आपटला. "आणि हा कुणाचा?"

त्यांनी तो उचलला. त्यांचा चेहरा एकदम सुटला. "अरे, मिळाला! पाच दिवस घरभर शोधतेय ती. आकडे लिहायला बोट मोकळं लागतं ना तिला."

"कोण ती?"

"गोटी."

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने आपलं यंत्र बंद केलं. मी खुर्ची धरून बसलो. जावई त्या दिवशी जेवढं बोलले तेवढं लग्नापासून कधी बोलले नव्हते. गोटी नकाशे काढत नव्हती. आठ महिन्यांपूर्वी तिने बाहेरचं काम मागून घेतलं होतं. डोंगरापलीकडच्या अठ्ठावीस विहिरींची पातळी मोजायची, आठवड्याला चार दिवस. खात्याची जीप डांबर संपतं तिथे थांबते, पुढे कुणी जायला तयार नव्हतं. म्हणून ही गाडी. ती घेतलीच तिच्यासाठी होती; खांदा मोडल्यानंतरही तिने चालवणं कधी सोडलंच नव्हतं. हे स्वतः बसने येत-जात होते.

"तिने शपथ घातली होती, बाबांना सांगायचं नाही म्हणून," ते म्हणाले. "मला खोटं बोलायला जमत नाही. तुम्ही विचारत होतात तेव्हा माझी काय अवस्था झाली होती!"

"तिच्या हाताला लागलंय ते..."

"शुक्रवारी पडली. काल दोनदा. आठ महिन्यांत एकदाही पडली नव्हती, बाबा. मी गुरुवारीच म्हटलं तिला, हे तू सांगितलेले टायर नाहीत, परत जाऊन बदलून आणतो. तर म्हणाली, बाबांनी निवडलेत ना? मग विचार करूनच निवडले असतील."

मी खुर्चीतून उठलो.

"आज कुठे आहे ती?"

"तिकडेच. आज शेवटच्या सहा विहिरी." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. रस्ता अजून ओला होता. "माझंच चुकलं. मी हायवे म्हणालो म्हणून तुम्ही हायवेचे दिलेत. तुमचा काय दोष?"

इथे मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. फोन लावला, लागला नाही, पुन्हा लावला. खाणीपलीकडे फोन लागत नाही हे जावयांनी सांगितलं तरी मी लावत राहिलो. परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. ते अधूनमधून म्हणत होते, "माझ्यामुळे झालं," आणि मी खिडकीबाहेर बघत ते म्हणू देत होतो. ओली झाली की ती पांढरी माती साबण होते. तिथल्या शेवटच्या उतारावर डाव्या हाताला कठडा नाही. मी पाहिलाय तो उतार. त्या गुरुवारी तो माझ्या डोळ्यांसमोर होता, अगदी स्पष्ट. पडणारी बाई कुणाची तरी मुलगी असेल, एवढं मात्र दिसलं नव्हतं.

दुकान उघडून आम्ही दोघं बाकावर बसलो. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. ही दोनदा खाली डोकावून गेली आणि माझं तोंड बघून काही न विचारता वर गेली. चारच्या सुमारास पहिल्या गिअरमध्ये रखडत येणाऱ्या इंजिनाचा आवाज आला.

गोटी गाडीवर होती. अर्धी गाडी पांढरी, डाव्या बाजूने गोटीही पांढरी. आरसा तुटलेला, क्लचचा दांडा वाकलेला. तिने गाडी पायरीपासून चार हातांवर थांबवली, हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कळलं वाटतं तुम्हाला."

मी उठून बाहेर गेलो. तिला हात लावून बघितलं, खांदा, कोपर, मनगट. ती बघू देत होती. उजव्या हाताचं एकच बोट उन्हाने काळवंडलेलं होतं. रविवारी तोच हात माझ्या ताटाशेजारी होता.

"अकरा वर्षं लपवलंस," माझ्या तोंडून गेलं.

"लपवलं कुठे? तुम्ही म्हणाला होतात, हात लावलास तर पायरी चढू नकोस. मी लावला, म्हणून चढले नाही. दर रविवारी मागच्या जिन्याने येत होते की."

जावई पुढे झाले. "गोटी, टायर माझ्यामुळे..."

"टायरचं काही नाही रे. टायर बाबांनी निवडलेत." ती पायरीवर बसली. आत नाही, बाहेर तोंड करून. "माझंच काहीतरी बिघडलंय. आठ महिने डोळे झाकून उतरायचे त्या उतारावरून. शुक्रवारपासून जमतच नाहीये. पुढचं चाक रस्ता धरतच नाही. सगळं करून बघितलं. हळू जाऊन बघितलं, उभं राहून बघितलं. आज उतारावर गाडी अंगावर आली, कडेला एक दगड होता म्हणून थांबली." तिने जाकिटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "परत येताना ऑफिसात बसून अर्ज लिहिला. टेबलावरचं काम द्या म्हणून. उद्या देईन. तुम्ही तेव्हा म्हणत होतात तेच खरं बाबा. माझा पिंड नाही तो."

मला बाकावर परत जाऊन बसावंसं वाटलं. ती स्वतःच सगळं अंगावर घेत होती, जावई अंगावर घ्यायला शेजारी तयार उभे होते. मी नुसतं गप्प राहिलो असतो तर गोटी पंख्याखाली बसली असती, सुरक्षित, आणि मला तेच तर हवं होतं अकरा वर्षं.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"हे टायर तिथे चालणार नाहीत ते. जुने टायर मी वाचले होते. माती ओळखली होती. गाडी कुठे जाते ते कळलं होतं. कुणीतरी बाई चालवतेय हेही कळलं होतं. मला वाटलं, यांची कुणीतरी दुसरी आहे. ती पडावी म्हणून बसवले."

जावयांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. गोटी माझ्याकडे बघत राहिली.

"पडावी म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"मी चार वेळा पडले, बाबा. चारही वेळा स्वतःला शिव्या दिल्या. एकदाही वाकून टायर बघितला नाही."

"जुने टायर आत ठेवलेत मी," मी म्हणालो. "चालवणारी पक्की आहे. असा टायर मी वर्षभरात पाहिला नाही. तुझा आहे हे माहीत नसताना म्हटलं होतं मी ते. पिंड नाही म्हणालो होतो ते खोटं होतं. मला भीती वाटली होती, बस."

मी फळी टाकून गाडी आत घेतली. भिंतीवरची बटणांची जोडी उतरवली, चाकं काढली, ते नवेकोरे टायर उतरवले. लिव्हर दोनदा हातातून सुटला. जावई न सांगता चाक धरायला बसले. गोटी बाहेर पायरीवरच होती, आमच्याकडे पाठ करून. अर्ज तिच्या गुडघ्यावर होता. तिने तो फाडला नाही, खिशातही ठेवला नाही.

चाकं बसली. मी हवा भरली, हात पुसले आणि म्हणालो, "झालं. घेऊन जा."

ती उठली. वळली आणि पायरी चढून आत आली. अकरा वर्षांनी ती माझ्या दुकानात पाऊल टाकत होती. मला वाटलं, आता माझ्याजवळ येईल. मी दोन पावलं पुढेही झालो.

ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि तिने खिळ्यावरचं भिंग काढलं.

पुढच्या चाकापाशी उकिडवं बसून तिने चार आकडे वाचले. मग मागच्या चाकाचे वाचले. फिरायच्या दिशेचा बाण बोट ठेवून बघितला, पुढचा, मग मागचा. बटणं दाबून बघितली, चाक फिरवून डोळा लावून बघितलं. एक गोष्ट सोडली नाही. कसं बघायचं ते तिला कुणी शिकवायला लागलं नाही, लहानपणी माझ्या खांद्यावरून तिने ते हजारदा पाहिलेलं होतं. मी केलेलं काम ती पहिल्यांदाच तपासत होती. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

"हवा किती भरलीत?" तिने विचारलं.

"खडीला लागते तेवढी. मापूनच भरलीय मी."

तिने हात पुढे केला. "गेज द्या."

मी गेज तिच्या हातात दिलं.